तिसऱ्या नंबरची पायरी

"परत चढ," मी म्हणाले. "आणि या खेपेला गुडघे बाहेर."

निलोफर परत चढली. बक्षीस समारंभासाठी शाळेत तीन सुटी लाकडी खोकी होती, पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरची. तिसऱ्या नंबरचं खोकं बरोबर एक फूट उंच भरत होतं. शिपायाला सांगून मी ते हॉलच्या मधोमध आणवलं होतं आणि फूटपट्टी लावून दोनदा मोजलं होतं. सगळ्या जणी त्याला पायरी म्हणायला लागल्या होत्या.

निलोफरने दोन्ही पाय जोडून खाली उडी मारली आणि उतरल्या उतरल्या जोर लावून पुन्हा वर उसळली. खाली येताना तिचे दोन्ही गुडघे आत वळले आणि जवळजवळ एकमेकांना टेकले.

"मॅडम, निलूचे गुडघे एकमेकांच्या कानात काहीतरी बोलत्यात," मोनाली म्हणाली. ती आमची कर्णधार आणि संघातली सगळ्यात आगाऊ मुलगी. सगळ्या हसल्या. निलूही हसली. मला काही हसू आलं नाही.

हा सगळा उद्योग सुरू झाला तो दळवी सरांच्या फोनमुळे. सर शेजारच्या तालुक्यात खो-खो शिकवायचे. आमच्या मुली त्यांच्या मुलींना हरवायच्या, तरी माणूस मनानं मोठा, काही कळलं की मला कळवायचे.

"कोरे मॅडम, पुण्याहून एक फिजिओथेरपिस्ट बाई आल्यात," ते म्हणाले. "जिल्ह्यातल्या सगळ्या खेळणाऱ्या पोरींचे गुडघे तपासत फिरत्यात. खोक्यावरून उडी मारायला लावत्यात, समोर कॅमेरा. उतरताना गुडघे आत गेले की नावापुढं लाल खूण. आमच्या चौघींना बसली."

"लाल म्हणजे काय?"

"म्हणजे नाव कट असणार. निवड चाचणी आहे ना ऑक्टोबरात. आपण तरी लाल शाई कशाला वापरतो, मॅडम?"

हे मला ताबडतोब पटलं. मास्तरकीत आयुष्य काढणाऱ्याला ते पटणारच. आमच्या डोक्यात तपासणी म्हणजे परीक्षा, आणि परीक्षा म्हटली की अपेक्षित प्रश्न. इथे तर प्रश्नपत्रिकाच फुटली होती, उत्तर ठाऊक होतं आणि हातात आठ दिवस होते. चौदा वर्षं मी त्या शाळेत क्रीडाशिक्षिका होते आणि माझी एकही मुलगी जिल्ह्याच्या संघात गेली नव्हती. निलोफर जाणार होती. सोळा वर्षांची पोर, अंगानं शेलाटी, पण एकदा पळती सुरू झाली की तीन-तीन मिनिटं कुणाच्या हाताला लागायची नाही. तिचे वडील इस्माईलभाई मुलाणी बाजारपेठेत गॅसच्या शेगड्या आणि कुकर दुरुस्त करायचे. पोरीची मॅच असली की दुकानाचं शटर खाली. किती वेळ टिकली हे बघायला त्यांनी खास एक स्टॉपवॉच घेतलं होतं आणि ते गळ्यात अडकवून मैदानाच्या कडेला उभे राहायचे.

अशा मुलीचं नाव एका उडीपायी कट होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

बाकीच्या अकरा जणी दोन-तीन दिवसांत शिकल्या. निलूला काही केल्या जमेना. शेवटी मी तिची ओढणी घेतली, गुडघ्यांच्या जरा वर दोन्ही मांड्यांभोवती बांधली आणि म्हणाले, "ही ओढणी फाडायचीय असं समज. बाहेर ढकल." ती ढकलायची, उडी मारायची, पुन्हा चढायची. सहाव्या दिवशी तिला जमलं. आठव्या दिवशी ओढणी सोडून जमलं. मी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांना उसाचा रस पाजला.

फिजिओथेरपिस्ट बाई आल्या त्या रिक्षातून, स्वतःचं खोकं मांडीवर धरून. ऋजुता दामले. जेमतेम सत्तावीस वर्षांची असेल. लांब वेणी, पायात बूट, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण. तिनं आपलं खोकं नेमकं हॉलच्या मधोमध ठेवलं. पाय कुठे टेकवायचे ते दाखवायला मी फरशीवर खडूनं काढलेल्या दोन खुणा तिथं अजून पुसट दिसत होत्या. मी चपलेसकट एकीवर उभी राहिले आणि दुसरी पायानंच पुसली.

तिनं मुलींच्या कमरेला, गुडघ्यांना आणि घोट्यांना गोल चिकटपट्ट्या लावल्या. मग म्हणाली, "घाबरायचं नाही हं. ही परीक्षा नाहीये. रोज जशा उतरता तशाच उतरा."

बारा जणींनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

एकेक मुलगी चढली आणि उतरली, प्रत्येकी तीनदा. निलूची पाळी आली तेव्हा तिचे ओठ हलत होते.

"काय पुटपुटतेस गं?" ऋजुतानं विचारलं.

"दुआ मागतेय, मॅडम."

मला ठाऊक होतं ती काय मागत होती. बाहेर, बाहेर, बाहेर. आणि तिन्ही वेळा तिचे गुडघे अंगठ्यांच्या रेषेत सरळ राहिले. ऋजुतानं कागदावर हिरवी खूण केली.

मग ती कॅमेऱ्यातल्या फिती पुन्हा बघत बसली.

"कोरे मॅडम," ती म्हणाली, "बाराच्या बारा मुली इतक्या छान उतरतात हे मी पहिल्यांदाच बघतेय. आणि सगळ्या अगदी एकसारख्या."

"मेहनती आहेत पोरी."

"यांना एकदा खेळताना बघता येईल का? दहा मिनिटं पुरेत."

"आज मैदानावर पाणी मारलंय हो. चिखल असेल." ते खरं होतं. सकाळी मीच मारायला लावलं होतं.

"या उडीचा सराव वगैरे केला होता का यांनी?"

"छे. त्यांना काय माहीत तुम्ही काय तपासणार ते."

तिनं मान हलवली आणि एक तक्ता पुढे केला. शेवटचा रकाना प्रशिक्षकानं भरायचा होता. खेळताना मुलीचा गुडघा आत वळताना दिसतो का? मी बारा वेळा 'नाही' लिहिलं. निलोफरच्या ओळीवर पेन अडखळलं असं सांगायला मला आवडलं असतं, पण ते अडखळलं नाही. खाली सही केली, शाळेचा शिक्का मारला.

जाताना तिनं व्यायामाचा एक कागद दिला, त्याच्या तळाशी तिचा नंबर होता. "कुणी लाल नसलं तरी सरावाआधी पंधरा मिनिटं हे करून घ्या," ती म्हणाली. "आत वळणारा गुडघाच एखाद्या दिवशी दगा देतो." आम्ही ते आठवडाभर केलं. मग तालुक्याच्या स्पर्धा आल्या, सरावाला वेळ पुरेना, आणि कागद माझ्या टेबलाच्या खणात गेला.

पुढचे सात आठवडे मी खेळ बघितलाच नाही. मला फक्त निलूचे गुडघे दिसायचे. ती आट्यापाट्या खेळल्यासारखी बसलेल्या मुलींमधून आत-बाहेर पळायची, खांबाला वळसा घालून हुलकावणी द्यायची, आणि पाय रोवून दिशा बदलताना दर वेळी तिचा डावा गुडघा आत जायचा. आधीही जातच असणार. पण आधी मला ते दिसत नव्हतं, आता दुसरं काही दिसत नव्हतं. पायरीवरून ती अजूनही झकास उतरायची, मी अधूनमधून करून घ्यायचे. पण पळताना पाठीवर कुणाचा हात येतोय म्हटल्यावर गुडघ्याचा विचार कोण करतो?

"निलू, गुडघे," मी बाहेरून ओरडायचे.

ती क्षणभर भानावर यायची आणि तेवढ्यात बाद व्हायची. मग मी ओरडणं सोडून दिलं.

सराव संपला की विचारायचे, "दुखतंय का?"

"नाही, मॅडम."

"जरासुद्धा?"

"मॅडम, तुम्ही रोज विचारून विचारून दुखायला लावणार बघा."

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. दोनदा मी खणातून तो कागद काढला आणि नंबर फिरवायला घेतला. दोन्ही वेळा वाटलं, सांगितलं तर हिरव्याचं लाल होईल, पोरीचं नाव जाईल, आणि मी खोटं लिहिलं हे उघडं पडेल. यातलं मला जास्त भय कशाचं होतं ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. निवड होऊ दे, मग सांगू, असं म्हणून मी खण लावून टाकला.

निवड चाचणी सांगलीला होती. सकाळी आठला आम्ही मैदानावर पोचलो. इस्माईलभाई आमच्या आधीच येऊन दोरीपाशी जागा धरून उभे होते, गळ्यात स्टॉपवॉच. मुली बूट बांधत होत्या आणि मी पाण्याच्या बाटल्या भरायला नळाकडे निघाले, तेव्हा मैदानाच्या कडेला मला ऋजुता दिसली. तिच्यासमोर चार मुली होत्या. मांड्यांना रबराचे पट्टे बांधून एका पायावर उड्या मारत होत्या. एक दळवी सरांच्या संघातली, मी तिला ओळखत होते.

"या कोण?" मी विचारलं.

"या माझ्या लाल यादीतल्या," ऋजुता हसून म्हणाली. "बघा कशा उतरतात आता."

"मग या इथं कशा?"

"म्हणजे? खेळायला आल्यात."

"लाल असून?"

तिनं माझ्याकडे नवलानं बघितलं. "लाल म्हणजे बाद नव्हे, मॅडम. लाल म्हणजे हिच्याकडे आधी बघायचं. मी दर शनिवारी यांच्या गावाला जाते व्यायाम करून घ्यायला. सहा-सात आठवडे लागतात अंगवळणी पडायला. चाचणीच्या आधी व्हावं म्हणून तर सगळी धावपळ केली."

हातातली बाटली भरून वाहत होती. नळ बंद करायचं मला सुचलं नाही, तो तिनंच बंद केला.

मागे शिट्टी वाजली. आमच्या संघाची पळती होती. पहिल्या तिघी मैदानात उतरत होत्या, मोनाली, आणखी एक मुलगी, आणि निलोफर.

"ऋजुता," मी म्हणाले, "एक सांगायचं होतं तुम्हाला."

"बोला ना."

निलूनं मैदानाला हात लावून तो कपाळाला लावला. दोरीपाशी इस्माईलभाईंनी घड्याळावर अंगठा ठेवला. पंचांच्या शेजारी निवड समितीचे तिघे कागद घेऊन बसले होते. मी आत्ता बोलले तर मुलीला बाहेर काढावं लागणार होतं, तेही या सगळ्यांसमोर कारण सांगून.

"नंतर सांगते," मी म्हणाले. "हा डाव होऊ दे."

दुसरी शिट्टी झाली. मी आमच्या बाकावर येऊन बसले, पण टेकले फक्त कडेला. दुसरी मुलगी वीस-पंचवीस सेकंदांत गेली. मोनाली मिनिटभर पळाली आणि खांबाजवळ टिपली गेली. आता निलू एकटी. ती अशी खेळत होती की निवड समितीतल्या एका गृहस्थांनी लिहायचं सोडून पेन कानाला अडकवलं. दीड मिनिट. मी मनातल्या मनात तिला म्हणत होते, बाद हो, पोरी, बाद हो आता. उभ्या जन्मात मी माझ्या खेळाडूसाठी असं काही मागितलं नव्हतं. दोन मिनिटं. बसलेल्या मुलींतून ती सुईत दोरा ओवावा तशी निघत होती. दळवी सरांच्या संघातली एक उंच मुलगी खो घेऊन तिच्या मागे लागली. निलू खांबाकडे झेपावली, हुलकावणी द्यायला तिनं डावा पाय रोवला आणि कमरेतून उलटी वळली. गुडघा मात्र वळला आत.

मला टक् असा आवाज आला. तीस-चाळीस फुटांवरून तो येणं शक्य नाही असं मला पुढे अनेकांनी सांगितलं. मला आला.

निलू खाली बसली. कुणाचा धक्का नाही, कुणाचा हात नाही. मागून आलेली उंच मुलगी गोंधळून तिच्याजवळ थांबली, पंचांकडे बघितलं, आणि मग हळूच तिच्या खांद्याला बोट लावलं. नियमाप्रमाणे निलू तेव्हा बाद झाली.

मी धावले. माझ्या आधी ऋजुता पोचली होती आणि गुडघ्यापाशी बसून दोन्ही हातांनी तो चाचपत होती. निलूचा चेहरा पांढरा पडला होता. ती रडत नव्हती. मला बघताच तिनं माझं मनगट धरलं.

"सॉरी, मॅडम," ती म्हणाली. "ध्यानातच राहिलं नाही बघा. गुडघे बाहेर ठेवायचे विसरले मी."

ऋजुताचे हात थांबले. तिनं मान वर केली.

"हे तुला कुणी सांगितलं होतं?"

निलू तेवढ्या वेदनेतही सावध झाली. बोलू नये ते बोलून बसलो हे तिला उमगलं. एकदा माझ्याकडे बघून तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "कुणी नाही. मीच आपली."

"मी सांगितलं होतं," मी म्हणाले. "आठ दिवस सराव करून घेतला. तुम्ही यायच्या आधी. सगळ्यांचा."

ऋजुता रागावेल, काहीतरी बोलेल, असं मला वाटलं. तिनं बर्फ मागवला, गुडघ्याखाली घडी घालून जाकीट सरकवलं, पट्टी बांधली. गाठ मारून झाल्यावर खालीच बघत म्हणाली, "तुमच्याकडे लाल एकही नव्हती. म्हणून मी शनिवारी तुमच्याकडे आले नाही."

मिरजेच्या एका दवाखान्यात दुपारपर्यंत सगळं कळलं. गुडघ्यातला मुख्य लिगामेंट तुटला होता. ऑपरेशन लागणार होतं आणि त्यानंतर निदान नऊ महिने घरी. निलू आत पलंगावर होती आणि बाहेर बाकावर इस्माईलभाई आणि मी. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. दळवी सरांचा फोन, पायरी, ओढणी, बारा वेळा लिहिलेलं 'नाही', आणि नळापाशी गिळलेलं वाक्य. सांगताना त्यांच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. मी त्यांच्या गळ्यातल्या घड्याळाकडे बघत होते.

त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"मॅडम," मग ते म्हणाले, "शेगडी कुठं गळती का बघायला आम्ही साबणाचं पाणी लावतो. बुडबुडा आला की कळतं, हितं वायसर गेलाय. तो बदलायचा आणि शेगडी द्यायची वापरायला. बुडबुडा आला म्हणून कुणी शेगडी भंगारात टाकत नाही."

मी मान खाली घातली.

"तुम्ही बुडबुडा पुसला."

एवढंच बोलून ते उठले आणि आत पोरीपाशी गेले. दारातून मला त्यांचा आवाज ऐकू आला. "दोन मिनिटं बेचाळीस, बेटा. कुणाला टिपू दिलं नाहीस." आणि निलूचा, "माझीच चूक झाली, अब्बा. विसरले."

मी जिल्ह्याच्या खो-खो संघटनेला सगळं लेखी कळवलं. ऋजुतानं पुढच्या शनिवारपासून आमच्याकडे यायला सुरुवात केली, निम्म्या मुली लाल निघाल्या. दोन वर्षांनी तिच्याकडून शिकून घेऊन मी स्वतःच मुली तपासायला लागले. नवीन मुलीला मी फक्त म्हणते, चढ आणि मार उडी. काय बघताय, मॅडम, असं विचारलं तर सांगत नाही. निलूचा गुडघा भरून आला, ती चालते, सायकल चालवते, पण पुन्हा पळती केली नाही. जिल्ह्याच्या संघात आमच्या शाळेच्या पुढे तीन मुली गेल्या. प्रत्येकीच्या वेळी निलूनं पेढे आणून दिले.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. इस्माईलभाईंची नजर अधू झाल्यापासून दुकान निलूच बघते. बायामाणसं खुशाल तिच्याकडे कुकर टाकून बाजाराला जातात. चूक माझी होती हे मी तिला आजवर तीनदा सांगितलंय, एकदा तर तिच्या लग्नात, भर मांडवात. ती हसते आणि म्हणते, "मॅडम, तुम्ही शिकवलं ते बरोबरच होतं. ऐन वेळेला मलाच आठवलं नाही."

गेल्या महिन्यात मी कुकर घेऊन गेले होते. तिनं वायसर बदलून दिला, चहा पाजला आणि मला निरोप द्यायला दुकानाच्या ओट्याच्या कडेपर्यंत आली. ओटा फूटभर उंच आहे. मी धरून धरून खाली उतरले. वळून बघते तर ती कडेवर दोन्ही पाय जुळवून उभी होती. तीस वर्षांची बाई, ओचा खोचलेली, हाताला काजळी. तिचे ओठ हलले. मग तिनं खाली उडी मारली आणि गुडघे बाहेर, अंगठ्यांच्या रेषेत ठेवून अगदी सरळ उतरली. उतरल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं, हॉलमध्ये बघायची तसं.

"बघा, मॅडम," ती म्हणाली. "आता नाही विसरत."